चांदणी, मैना आणि आमच्या मैत्रिणी

एरवी मी या रेडिओवर येते ती बचत, हप्ता, वही आणि इतिवृत्त सांगायला. पंचसूत्री तर तुम्हाला आता माझ्या आवाजातच पाठ झाली असेल. आज मात्र आमच्या अंगणातल्या दोन जनावरांची गोष्ट सांगणार आहे. एक घोडी आणि एक गाढवीण. त्यांना भेटायला येणाऱ्या बायकांची ही गोष्ट, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीचीही.

जेजुरीपासून थोड्या अंतरावर आमचं गाव. आमच्याकडे घोडी आहे म्हटलं की लोकांना वाटतं, मोठे बागायतदार असतील. तसं काही नाही. माझे सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणतो, लग्नाच्या वरातीसाठी घोडी ठेवायचे. हंगामात चार पैसे मिळायचे. आता मामंजी थकले, वरातीला मोठ्या गाड्या आल्या, आणि घोडीचंही वय झालं. कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून तिचं नाव चांदणी.

गाढवीण आमच्याकडे आली ती कुंभार आळीतल्या आत्याबाईंमुळे. आत्याबाईंचं चाक बंद पडलं, माती वाहायला टेम्पो आला, आणि घरात बसून खाणारं गाढव मुलांना परवडेना. मुलगा म्हणाला, पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बाजारात विकून टाकू. तुमच्यापैकी अनेकींनी तो बाजार पाहिला असेल. वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, परीट अशी किती घरं तिथं येतात, गुजरातहून काठेवाडी गाढवं येतात. आता त्या बाजारात पूर्वीसारखी गर्दी नसते. 2019 च्या पशुगणनेत अख्ख्या देशात गाढवं उरली होती साधारण 1 लाख 20 हजार. त्याआधीच्या, 2012 च्या गणनेपेक्षा 61 टक्क्यांनी कमी. घोडे आणि तट्टं मिळून 3 लाख 40 हजार, तीही 45 टक्क्यांनी घटलेली. काम संपलं की जनावर संपतं, असा त्याचा सरळ अर्थ.

पण आत्याबाईंचा जीव काही विकायला धजेना. त्या म्हणाल्या, "तुझ्या गोठ्यात जागा आहे, बांध तिथं. चारा मी आणीन." मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "आता गाढव तेवढं राहिलं होतं!" पण नाही म्हणाल्या नाहीत. गाढविणीचं नाव आत्याबाईंनी ठेवलेलंच होतं, मैना. पहाटे पाचला ती पहिला सूर लावते तेव्हा सगळ्या आळीला तिचं नाव आठवतं.

पहिले आठ दिवस चांदणीनं कान मागे पाडून तिला जवळ येऊ दिलं नाही. नवव्या दिवशी बघतो तर दोघी एकमेकींची मान खाजवत उभ्या. तेव्हापासून एक नजरेआड झाली की दुसरी ओरडते. डॉक्टर म्हणाले, गाढवाचं असंच असतं. त्याची एकदा जोडी जमली की ती पक्की. जोडीदार मेला तर काही गाढवं चाराच सोडतात, आणि उपाशी राहिलं की गाढवाच्या जिवाला लवकर धोका होतो. म्हणून दोघींना एकमेकींच्या नजरेसमोर बांधायचं, हा आमच्या घरचा नियम.

आमच्या गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला आमच्याच ओसरीवर भरते. या दोघी आल्यापासून एक गंमत झाली. तीनची बैठक असली की बायका अडीचलाच येऊ लागल्या. कुणी येताना हिरवं गवत आणायची, कुणी जुन्या काथ्याच्या ब्रशनं चांदणीची पाठ घासायची. वीटभट्टीवर काम करणारी एकजण मैनेच्या खुरात अडकलेले खडे काढून द्यायची. बैठकीत जी कधी तोंड उघडत नाही, ती गोठ्यात मैनेशी तासभर बोलायची. उशिरा येणाऱ्यांचा दंड लिहिण्याचं माझं काम जवळजवळ बंदच झालं.

त्यातली एक होती आमच्या गटातली वहिनी. नाव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला. दोन मुली, एक एकर जिरायत. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवायचं नाही, लग्नाला गेली तरी मागे बसायची. रस्त्यानं जाताना सवाशिणी दिसल्या की स्वतःच बाजूला व्हायची. 2022 साली कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. तो मी आमच्या बैठकीत वाचून दाखवला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथं.

ही वहिनी रोज संध्याकाळी आमच्या गोठ्यात यायची. बोलायची नाही. चांदणीच्या खांद्यापाशी उभी राहायची, तिच्या मानेवर हात ठेवायची आणि अर्ध्या तासानं जायची. एकदा मी विचारलं, "वहिनी, चहा घेता का?" तर म्हणाली, "नको ताई. इथं कुणी काही विचारत नाही, म्हणून येते." मी पुन्हा विचारलं नाही.

मागच्या वर्षीच्या होळीची गोष्ट. नवरा गेल्यानंतर तिनं पहिल्यांदाच पुरण घातलं, मुलींसाठी. धुळवडीला दुपारी ती उरलेल्या पोळ्या आणि गूळभात घेऊन आली. चांदणीनं हातातून पोळी उचलली, तशी वहिनी हसली. तिला हसताना आम्ही दोन वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो. ते पाहून बाकीच्या बायकांना चेव आला. ही घरी पळाली, ती घरी पळाली. ज्याच्या त्याच्या घरी पोळ्या उरलेल्याच होत्या. टोपलीभर पोळ्या त्या दोघींच्या पोटात गेल्या. मी काय करत होते? मी मोबाईलवर फोटो काढत होते.

रात्री नऊच्या सुमाराला मैना ओरडायला लागली. थांबेचना. बाहेर येऊन बघते तर चांदणी पुढच्या पायानं जमीन उकरतेय, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघतेय. खाली बसायची, लोळायची, पुन्हा उठायची. अंग घामानं भिजलेलं. संध्याकाळपासून लीद टाकलेली नाही. मामंजींनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पोटशूळ. डॉक्टरला लाव फोन."

शेजारपाजारचे जमले. कुणी म्हणालं, बाटलीनं गोडेतेल पाजा. कुणी म्हणालं, सोडा पाजा. मी फोनवर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तोंडानं काही ओतू नका. घशातून फुप्फुसात गेलं तर पोटापेक्षा ते लवकर मारेल. समोरचा सगळा चारा काढा. उभी राहत असेल तर हळूहळू चालवा, दमवू नका. मी निघालोय." तो दीड तास मी कधी विसरणार नाही. मामंजी ऐंशीच्या घरातले, पण कासरा त्यांनी कुणाच्या हातात दिला नाही. अंगणात एक फेरी झाली की मैना ओरडायची. शेवटी मैनेलाच अंगणाच्या मध्यभागी आणून बांधलं, तेव्हा दोघी जरा शांत झाल्या.

डॉक्टर आले, तपासलं, इंजेक्शनं दिली, नाकातून नळी घालून औषध सोडलं. मग आम्हाला समजावून सांगितलं, ते तुम्हीही नीट ऐका. गायीच्या पोटाला चार कप्पे असतात, ती रवंथ करते. घोडीचं तसं नाही. तिचं जठर एकच आणि अंगाच्या मानानं लहान. ती दिवसभर थोडं थोडं गवत खाणारं जनावर आहे. एकदम पिठाचं, गोडाचं पोटभर मिळालं की ते आत आंबतं, गॅस धरतो. आणि घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं वरून बाहेर पडायला वाट नाही. त्यातून जगलीच, तरी पुढं खुराच्या आत सूज येऊन जनावर कायमचं लंगडं होऊ शकतं. गायीलासुद्धा लग्नातलं उरलेलं टोपलंभर घातलं तर ती मरू शकते, घोडी तर फारच नाजूक.

पहाटे साडेचारला चांदणीनं लीद टाकली. मैत्रिणींनो, लीद बघून डोळ्यांत पाणी येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. त्या दिवशी सासूबाईंनी लीद उचलायच्या आधी तिला हात जोडले.

घोडी वाचली. औषधाला साडेतीन हजार गेले, तेही आम्ही सोसले. पण खरं दुखणं पुढं सुरू झालं.

दोन दिवसांत गावात बोललं जाऊ लागलं. पोळी पहिली कुणी दिली? वहिनीनं. मग घोडी का पडली? पांढऱ्या कपाळाच्या बाईनं सणाचं अन्न हातानं भरवलं म्हणून. पिठाचं, गुळाचं, जठराचं कुणी नाव काढेना. पुढच्या दहा तारखेच्या बैठकीत एकजण सगळ्यांसमोर म्हणाली, "काही हात असतातच तसे." वहिनी कोपऱ्यात बसली होती. तिनं पासबुक पिशवीत घातलं आणि उठून गेली.

आणि मी? मी त्या गटाची समन्वयक. बीए झालेली. अंधश्रद्धेवर भाषण करणारी. मी त्या क्षणी मान खाली घालून वहीत बचतीच्या रकमा लिहीत राहिले. भांडण नको, गट फुटायला नको, असं स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर, दोष तिच्यावर जातोय तोवर माझ्यावर येत नाही, हेही मनात कुठंतरी होतं. कारण घोडीला काय द्यायचं नाही, हे सांगायची जबाबदारी माझी होती. मामंजी जाणते होते, पण ते त्या दुपारी झोपलेले. गोठा माझा, पाहुण्या माझ्या, आणि मी फोटो काढत होते.

पुढच्या दोन बैठकांना वहिनी आली नाही. बचतीचे पैसे आणि कर्जाचा हप्ता धाकट्या मुलीच्या हाती वेळेवर यायचा. वहीत तिचं खातं एकदम चोख. कागदावर पाहिलं तर गटाचं काहीच बिघडलेलं नव्हतं. संध्याकाळी गोठ्यात मात्र तिची जागा रिकामी असायची. चांदणी त्या वेळेला मान वर करून फाटकाकडे बघायची. जनावराला वेळ कळते.

एके दिवशी आत्याबाई मैनेला पाणी पाजताना म्हणाल्या, "तुझ्या त्या मोबाईलात फोटो हायेत न्हवं त्या दिवसाचे? बघितलेस का पुन्हा?" मी बघितले नव्हते. तिथंच उभं राहून बघितले. एकूण नऊ फोटो. पहिल्यात वहिनीचा हात. दुसऱ्यात दोघींचे. पुढं आणखी तिघींचे. बैठकीत जी "काही हात असतातच तसे" म्हणाली होती, तिच्या हातात तर एका वेळी दोन पोळ्या. आणि शेवटच्या फोटोत, तो माझ्या मुलानं काढलेला, मी स्वतः मैनेला पोळी भरवतेय. मी ते विसरूनच गेले होते, की विसरायला सोपं गेलं होतं?

त्याच संध्याकाळी आत्याबाईंना घेऊन मी वहिनीच्या घरी गेले. ती चुलीपाशी होती. म्हणाली, "ताई, तुम्ही कशाला आलात? हप्ता पोचला ना?"

मी म्हटलं, "हप्ता पोचला. मी माझा हिशेब द्यायला आले."

फोटो दाखवले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ती बराच वेळ त्या शेवटच्या फोटोकडे बघत होती. मग म्हणाली, "हे तुम्ही मला आज सांगताय. त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, "बाई, तिला भ्या वाटलं. आता वाटंना, म्हणून आलीया." वहिनी काही बोलली नाही. चहा मात्र केला. बैठकीला येईन म्हणाली नाही, आणि मीही आग्रह केला नाही. जे सगळ्यांसमोर बिघडलं, ते चुलीपाशी दुरुस्त होत नाही, एवढं मला कळलं होतं.

पुढच्या दहा तारखेला बचत गोळा करायच्या आधी मी उभी राहिले. म्हटलं, आज पहिला विषय घोडीचा. डॉक्टरांनी जे सांगितलं ते सांगितलं. मग म्हटलं, पोळ्या सात घरच्या होत्या, त्यातली एक माझ्या घरची. घोडी आजारी पडली ती पोळ्यांनी. चूक कुणाची असेल तर आधी माझी, कारण मी सांगायला हवं होतं. आणि त्या दिवशी वहिनींना बोललं गेलं तेव्हा मी गप्प बसले, ती दुसरी चूक. हे इतिवृत्तात लिहिलं जाईल. फोटो मी कुणाला दाखवले नाहीत. गरजच पडली नाही. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वीटभट्टीवरची म्हणाली, "माझ्या चार होत्या." दुसरी म्हणाली, "माझ्या तीन." असं करत करत सगळ्यांनी हिशेब दिला. जिनं टोमणा मारला होता, तिनं सगळ्यात शेवटी, हळू आवाजात, दोन म्हणून सांगितलं. त्या दिवशीचं इतिवृत्त सगळ्यांनी सही-अंगठ्यानिशी मंजूर केलं.

वहिनी बैठकीला आली ती त्याच्याही पुढच्या महिन्यात. पण गोठ्यात त्याआधीच आली. एका संध्याकाळी मैना अवेळी ओरडली म्हणून मी खिडकीतून पाहिलं. वहिनी फाटकाशी उभी होती, हात रिकामे. चांदणीनं तिच्या पदराचा वास घेतला. मी बाहेर गेले नाही. तिचा अर्धा तास तिचाच.

आता आमच्या गोठ्याच्या भिंतीवर खडूनं नियम लिहिलेत. लिहिले वहिनीनं, तिचं अक्षर चांगलं आहे. ते तुम्हालाही सांगते, कारण घोडं, गाढव, तट्टू कुणाच्या ना कुणाच्या दारात असतंच.

पहिला नियम, घरच्यांना विचारल्याशिवाय काहीही खायला द्यायचं नाही. पोळी, भात, शिळं अन्न, प्रसाद, काही नाही. वाळलेलं गवत, कडबा चालतो, पण बुरशी लागलेला नाही.

दुसरा, मागून जायचं नाही. घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्याला अगदी मागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही. आधी हाक मारायची, खांद्याच्या बाजूनं जायचं, आणि पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर ठेवायचा. कान मागे चिकटलेले दिसले की दूर थांबायचं.

तिसरा, गाढव थांबलं तर मारायचं नाही. घोडा घाबरला की पळतो, गाढव घाबरलं की जागच्या जागी थांबतं. आपण त्याला हट्टी म्हणतो, पण ते विचार करत असतं. आणि गाढव दुखणं दाखवत नाही. त्यानं चारा सोडला, कान पाडून गप्प उभं राहिलं, तर तेवढ्यावरच डॉक्टरांना बोलवायचं.

चौथा, पाणी कायम भरलेलं. घोडीला दिवसाला वीस ते चाळीस लिटर लागतं, उन्हाळ्यात जास्त. गाढव कमी पितं, पण त्याला स्वच्छ पाणी लागतं, घाण पाण्याला तोंड लावत नाही. पावसात गाढवाला आडोसा हवाच, त्याच्या केसांतून पाणी आत मुरतं. दर दीड-दोन महिन्यांनी खूर कापून घ्यायचे, आणि डॉक्टरांना विचारून धनुर्वाताची लस द्यायची.

पाचवा नियम वीटभट्टीवरच्या मैत्रिणीनं मुद्दाम लिहायला लावला. कायद्यानं गाढवावर 50 किलोपेक्षा जास्त ओझं लादता येत नाही. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन कामाला लावायचं नाही. हा नियम 1965 पासूनचा आहे. ती म्हणाली, "आमच्या मालकाला माहीत नव्हता. आता आहे."

आणि शेवटी भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिलंय 1962. हा सरकारी पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री नंबर. तो गोठ्यात लिहून ठेवा, मोबाईलात साठवा. त्या रात्री माझ्या हाताला डॉक्टरांचा नंबर शोधताना कापरं भरलं होतं.

मैत्रिणींनो, संत एकनाथांनी काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकतो. मला आता त्यातलं आणखी एक दिसतं. नाथांच्या सोबतची माणसं त्यांना चुकलं म्हणत होती, आणि नाथ सगळ्यांदेखत पाणी पाजत होते. माया घरात बसून करता येते. कुणाची बाजू घ्यायची तर ती चारचौघांत घ्यावी लागते. मला ते कळायला तीन महिने लागले.

तुमच्या गटात अशी एखादी आहे का, जिची बचत वेळेवर येते पण ती स्वतः येत नाही? असेल तर वहीवर विसंबू नका. या आठवड्यात तिच्या घरी जा. आणि आमच्या गावाकडे आलात तर चांदणी आणि मैनेला जरूर भेटा. सध्या चांदणीचा एक डोळा अधू झालाय, म्हणून मैना कायम तिच्या त्या बाजूला उभी असते. येताना पोळी आणू नका. वेळ आणा, तेवढा पुरे.